छावणीत चारा कोण घालत होतं?

या वेळचं पत्र साताऱ्यातून आलं आहे. थोडं आखडून देतो.

“सर, मी इथल्या एका अनुदानित शाळेत शिकवते. माझा विषय मराठी, पण इतिहासाचे सर निवृत्त झाले आणि यंदा सातवीचा इतिहास माझ्या गळ्यात आला. मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या लढाया शिकवताना तीन ठिकाणी गाडी अडते. एक, मुलं सिनेमा पाहून येतात. त्यांना तलवारी आणि डायलॉग हवे असतात आणि माझ्याकडे असते नावांची नि सनांची यादी. दोन, मी वर्गात सांगितलं की १७०० साली अजिंक्यतारा मोगलांच्या ताब्यात गेला. संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका वडिलांनी लिहिलं, ‘आपण हरलो हे मुलांना कशाला शिकवता?’ खाली सतरा अंगठे. मुख्याध्यापक म्हणाले, जरा जपून. तिसरी गोष्ट लिहायला जड जातेय. औरंगजेबाचं नाव आलं की चार-पाच मुलं मागच्या बाकावरच्या एका मुलाकडे वळून बघतात आणि हसतात. तो मुसलमान आहे. तो खाली मान घालून वहीत रेघोट्या मारत बसतो. मी काय करू?”

बाई,

(आता सगळ्या मॅडम झाल्यात, पण माझ्या तोंडात बाईच बसलंय. राग मानू नका.)

तिसऱ्या गोष्टीपासून सुरू करतो, कारण तिची गरज उद्याच्याच तासाला आहे. बाकीच्या दोन आठवडाभर थांबल्या तरी चालतील.

उद्या पुन्हा माना वळल्या की बोलणं तोडा. ओरडू नका, भाषण देऊ नका. “तिकडे काय बघताय? औरंगजेब फळ्यावर आहे, इकडे बघा,” एवढंच, हजेरी घेताना असतो त्या आवाजात, आणि पुढे चला. एकदा नाही, दर वेळी. तीन-चार तासांत सवय मोडते. त्या मुलाला मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन “वाईट वाटून घेऊ नकोस” म्हणायला जाऊ नका. आणि वर्गात त्याच्याकडे बघत “महाराजांकडेही मुसलमान सरदार होते, बरं का” असंही नको. वाक्य खरं आहे. पण त्याच्याकडे बघून म्हटलंत की तुम्हीही त्या चार-पाच जणांसारखी मान वळवलीत. बारा वर्षांच्या पोराला बाकीच्या पोरांसारखं बसायला मिळालं की पुरे असतं.

दुसरं, तोंडातले ‘आपण’ आणि ‘ते’ काढून टाका. मराठी फौज म्हणा, मोगल फौज म्हणा, सरदारांची नावं घ्या. सुरुवातीला जीभ अडखळते, माझीही अडखळायची. पण ‘आपण’ म्हटलं की वर्गात आपोआप कोणीतरी ‘ते’ शोधायला लागतं, आणि ते कोण सापडतं हे तुम्ही बघितलंच आहे. शिवाय इतिहास म्हणूनही ‘आपण-ते’ टिकत नाही. साताऱ्याच्या वेढ्यात जतचे डफळे मोगलांच्या बाजूने होते. दोड्डेरीच्या लढाईत (ती पुढे येईलच) मोगलांची दाणादाण उडवणारे मराठ्यांचे सरदार संताजी घोरपडे १६९७ साली शंभूमहादेवाच्या डोंगरात मारले गेले, ते म्हसवडच्या नागोजी मान्यांच्या हातून. जुनं घरगुती वैर होतं. जत सांगली जिल्ह्यात, म्हसवड तुमच्या जिल्ह्यात. हे सांगून माने-डफळ्यांच्या आजच्या पोरांकडे माना वळवायच्या नाहीत, हेही लक्षात असू द्या. पोरं तेवढी हुशार असतात.

आता सिनेमा. त्याच्याशी स्पर्धा करायला जाऊ नका. त्याच्याकडे घोडे आहेत, ढोल आहेत. तुमच्याकडे पस्तीस मिनिटं आणि अर्धा खडू. मी सुरुवातीची कितीतरी वर्षं हेच केलं. हातवारे, चढा आवाज, फळ्यावर अकरा लढाया आणि प्रत्येकीपुढे सन. पोरं खूश असायची आणि पेपरात वाईची लढाई जिंजीला नेऊन ठेवायची.

मग २०१३ चा उन्हाळा आला. मी तेव्हा माण तालुक्यात होतो. पावसाने पाठ फिरवलेली, ठिकठिकाणी चारा छावण्या, निम्म्या वर्गाची जनावरं छावणीत आणि जनावरांपाशी रात्री निजायला हीच पोरं. मी शिकवत होतो, “बादशहाची छावणी ब्रह्मपुरीला होती.” मागून एक धनगराचं पोर उठलं. “सर, मंग छावणीत जनावरांना चारा कोण घालत हुतं?” वर्ग हसला. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. रात्री मात्र ते डोक्यातून जाईना. मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी हत्ती, उंट, घोडे, बैल आणि त्यांच्यामागची सगळी माणसं घेऊन औरंगजेब १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं तळ देऊन होता. त्या गावाचं नावही त्याने इस्लामपुरी केलं होतं. (वाळव्याच्या इस्लामपूरचा याच्याशी काही संबंध नाही. सांगलीकडची मुलं हमखास गल्लत करतात.) चार वर्षं तिथे चारा कोण घालत होतं?

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरची यादी पुसली. तेव्हापासून कुठलीही लढाई आली की वर्गाला पहिला प्रश्न तोच: इथे कोण कोणाचा दाणा-चारा तोडतंय? या युद्धातल्या बहुतेक लढाया या प्रश्नाने उघडतात. मोगल गडाखाली बसून गडावरच्यांचं धान्य तोडायचे, मराठे वाटेवर बसून मोगलांचं.

तर तुम्हीही यादी पुसा आणि तीनच लढाया घ्या: वाई, दोड्डेरी, सातारा. रामसेज, जिंजी, पन्हाळा नकाशावर टिकल्या लावून सांगा. रामसेजने मोगलांना काही वर्षं झुलवलं, जिंजीने जवळपास आठ, एवढं कळलं तरी सातवीला पुष्कळ झालं.

वाईला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. १६८७ च्या अखेरीस वाईजवळ सर्जाखानाच्या फौजेशी लढाई झाली. मराठ्यांची सरशी झाली, पण सरसेनापती हंबीरराव मोहिते तोफेचा गोळा लागून पडले. हंबीरराव कऱ्हाडजवळच्या तळबीडचे, त्यांची लेक ताराबाई. तिचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुसू नका, पुढे लागणार आहे. सर्जाखान मूळचा विजापूरचा; १६८६ ला आदिलशाही बुडाल्यावर मोगलांकडे गेलेला. पुढे १६९० च्या मे महिन्यात मराठ्यांनी याच सर्जाखानाला साताऱ्याजवळच गाठून कुटुंबासकट कैद केलं आणि दंड घेऊन सोडलं. मुलांना हे फार आवडतं. एकच माणूस दोन लढायांत दिसला की त्यांना गोष्ट पुढे सरकल्यासारखी वाटते.

ही १६९० ची लढाई कधी, हे एकदा लक्षात आणून द्या. मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, त्याच वर्षी रायगड पडला, येसूबाई आणि लहानगे शाहू कैदेत गेले, राजाराम महाराज जिंजीला पोचले. दिल्लीच्या हिशेबाने युद्ध संपलं होतं. आणि पुढच्या उन्हाळ्यात मोगलांचा एक नावाजलेला सरदार साताऱ्याच्या पायथ्याशी बायकापोरांसह पकडला जातो.

दोड्डेरीला एक तास द्या. नोव्हेंबर १६९५, चित्रदुर्गाजवळ, म्हणजे आजच्या कर्नाटकात. संताजींवर धाडलेल्या कासीमखानाच्या फौजेला वाटेतच गाठून संताजींनी दोड्डेरीच्या छोट्याशा गढीत कोंडलं. मोठमोठे सरदार, भरजरी सामान, आणि आत खायला नाही. घोड्यांनी छपरांचं गवत खाल्लं. कासीमखान तिथेच मेला आणि बाकीच्यांनी वीस लाखांची खंडणी कबूल करून, सामान टाकून सुटका करून घेतली. म्हणजे इथे गढीत मोगल, बाहेर मराठे. हा उलटा वेढा आधी शिकवला की साताऱ्याचा सुलटा वेढा मुलांना अर्धा कळलेलाच असतो. म्हणून क्रम हाच ठेवा.

आणि आता सातारा. याला मात्र चार तास काढा, भाषेचा एखादा तास उसना घेऊन काढा. मराठीच्याच बाई आहात, सोय आहे. तुमच्या वर्गाच्या खिडकीतून तो डोंगर दिसत असणार. जगातल्या फार थोड्या शिक्षकांना लढाईचं मैदान खिडकीत मिळतं.

मला जे घडलं ते क्रमाने सांगू द्या, म्हणजे तुम्हाला जुळवाजुळव करावी लागणार नाही. १६९९ च्या ऑक्टोबरात औरंगजेब स्वतः ब्रह्मपुरीहून निघाला. वय ऐंशीच्या पुढे. मराठ्यांचे किल्ले एकेक करून आपणच घ्यायचे, असं त्याने ठरवलं होतं. नोव्हेंबरात तळबीडवरचा वसंतगड पडला. त्याचं नाव ठेवलं किलीद-इ-फतह, म्हणजे विजयाची किल्ली. (ताराबाईच्या माहेरचा गड. फळ्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवा.) ८ डिसेंबरला फौज साताऱ्याच्या किल्ल्याखाली आली. बादशहाचा तळ उत्तरेला करंज्याला. होय, तेच करंजे. तुमच्या वर्गातली काही मुलं सकाळी तिथूनच सायकल मारत येत असतील. त्यांना उभं करा आणि विचारा, तुमच्या घरातून किल्ला कसा दिसतो? बादशहालाही तसाच दिसत होता.

गडावर किल्लेदार प्रयागजी प्रभू. इथे गणिताची वही काढायला लावा. गडावर हजार माणसं होती असं आपण धरू. धरूच, खरा आकडा म्हणून लिहायचा नाही. माणशी रोज अर्धा किलो धान्य. ८ डिसेंबर ते २१ एप्रिल, १३५ दिवस. किती होतं? साडेसदुसष्ट हजार किलो. म्हणजे सहाशे पंच्याहत्तर क्विंटल. दहा टनी ट्रकच्या भाषेत जवळजवळ सात ट्रक, आणि तेही ट्रक नसताना, डोक्यावरून आणि बैलांवरून, वेढा पडायच्या आधी वर चढवून ठेवलेले. मीठ, तेल, सरपण, दारूगोळा वेगळा. पाणी गडावरच्या टाक्यांतलं, आणि वेढ्याचे शेवटचे महिने म्हणजे फाल्गुन-चैत्र. टाकी तळाला जातात ते दिवस.

हे झालं की तेच गणित खाली करंज्यात लावा. एका घोड्याला दिवसाला किती वैरण लागते हे तुमच्यापेक्षा वर्गातल्या शेतकऱ्यांच्या पोरांना चांगलं माहीत असतं. घोडा नसला तरी बैल-म्हशीवरून सांगतील. फौजेला धान्य पुरवायचे बंजाऱ्यांचे तांडे, हजारो बैलांवर गोणी लादून. आणि त्या तांड्यांच्या वाटांवर टपून बसायच्या मराठ्यांच्या तुकड्या. गडावर धान्याची काळजी आणि गडाखालीही ओढगस्त, असे ते चार-साडेचार महिने.

मार्चच्या सुरुवातीला सिंहगडावर राजाराम महाराज वारले. त्यांच्या पश्चात ताराबाईंनी आपल्या मुलाला गादीवर बसवून कारभार हातात घेतला. वय पंचविशीच्या आसपास. इथे थांबा आणि वर्गाला विचारा: वेढ्यात आहात, राजा गेल्याची बातमी आली, तुम्ही काय कराल? बोलू द्या त्यांना. मग सांगा की त्यानंतरही गड सहा-सात आठवडे लढत होता.

मोगलांनी तोपर्यंत तटाखाली सुरुंगांची भुयारं खणत आणली होती. १३ एप्रिलला बत्ती दिली. पहिल्या स्फोटात मंगळाईचा बुरूज उडाला, गडावरची माणसं गेली, खुद्द प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले. दुसरा स्फोट उलटला. तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि चढायला तयार उभ्या असलेल्या मोगल फौजेवरच आला. दीड-दोन हजार माणसं त्या दगडांखाली मेली.

याच्यापुढचं बहुतेक जण सांगत नाहीत, मी सांगतो. मोगल फौजेत बहेलिया नावाचे बंदूकवाले होते, हिंदू. त्यांचे भाऊ, मुलगे त्या ढिगाऱ्याखाली होते आणि प्रेतं काढता येईनात. रात्री त्यांनी मोर्च्यांच्या, म्हणजे वेढ्यासाठी उभारलेल्या आडोशांच्या, लाकडी कामालाच आग लावून दिली. आपल्या माणसांना दुसरी चिता मिळणार नव्हती. आग आठवडाभर धुमसत होती. ही गोष्ट सांगताना आवाज चढवू नका आणि सांगून झाल्यावर काही बोलू नका. मी दोन-तीन वर्षं हे करून पाहिलं आहे. वर्ग गप्प होतो, आणि त्या दिवशी कोणाचीही मान कोणाकडे वळत नाही.

२१ एप्रिलला गड बोलणी करून खाली केला. बादशहाने मुलाच्या, आझमशहाच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं आझमतारा.

आता तुमचे ते पालक. बाई, पत्रात तुमचीही एक चूक आहे आणि गंमत म्हणजे त्या चुकीतच त्यांचं उत्तर आहे. तुम्ही लिहिलंत, १७०० साली अजिंक्यतारा मोगलांनी घेतला. १७०० साली त्याचं नाव अजिंक्यतारा नव्हतंच. तो साताऱ्याचा किल्ला होता. गेला, आझमतारा झाला, काही वर्षांत ताराबाईंच्या कारकिर्दीत मराठ्यांनी परत घेतला, आणि मग तो अजिंक्यतारा झाला. ज्या माणसांनी किल्ला जाताना आणि परत येताना पाहिला, त्यांनी त्याला अजिंक्य म्हटलं. त्यांना १७०० ची लाज वाटली नव्हती. आपल्याला तीनशे वर्षांनी का वाटावी, हे मला तरी समजत नाही.

ग्रुपवर मात्र यातलं काहीही लिहू नका. ग्रुपवरच्या भांडणात शिक्षकाचा कधी फायदा झालेला मी पाहिला नाही. अंगठे सतराचे सत्तर होतात एवढंच. त्या वडिलांना फोन करा, “दादा, शनिवारी सकाळी मुलांना किल्ल्यावर नेतेय, एक मोठं माणूस सोबत हवंय, याल का?” असं विचारा. साताऱ्यात अर्धं गाव सकाळी किल्ला चढायला जातं, तेही जात असतील. वर गेल्यावर धान्याचा हिशेब त्यांच्याच मुलाला किंवा मुलीला सांगायला लावा. ते आले नाहीत तरी बिघडलं नाही. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा, संमतीपत्रं घ्या. ‘जरा जपून’ म्हणणारे मुख्याध्यापक वाईट नसतात, त्यांना फक्त कागद लागतो.

वर काय करायचं? व्याख्यान नको. वाघनखं पाहायला तुमच्या शहरातल्या संग्रहालयापुढे रांगा लागल्या होत्या तेव्हा मी पाहिलं, काचेपुढे मुलं अर्धा मिनिट थांबतात. तटावर तासभर थांबतात. मंगळाईच्या देवळापाशी नेऊन खालचा उतार बघू द्या, तिथून सुरुंग आणायचा तर किती खणावं लागेल याचा अंदाज करू द्या. पाण्याची टाकी मोजू द्या. यवतेश्वर, जरंडेश्वर, सज्जनगड ओळखायला लावा. आणि करंजे. वरून खाली बघताना “बादशहाचा तंबू आत्ता कोणाच्या घरावर पडला असता?” या प्रश्नावर भांडणं होतील, होऊ द्या.

नाटुकलं बसवायचं असेल तर लाकडी तलवारी आणू नका. चिठ्ठ्या टाका: किल्लेदार, कोठीवर धान्य मोजणारा, सुरुंग खणणारा, बंजारा, जासूद, जखमा बांधणारा वैद्य, मोगलांचा बातम्या लिहिणारा वाकेनवीस. ज्याच्या हाताला जी चिठ्ठी लागेल ती. प्रत्येकाने १३ एप्रिलच्या रात्री आपापल्या घरी चार ओळींचं पत्र लिहायचं. मराठीचा तास उसना घेतला होता ना, तो इथे परत फिटतो. मागच्या बाकावरच्या मुलाला किल्लेदाराची चिठ्ठी आली तर मध्ये पडू नका, बंजाऱ्याची आली तरी पडू नका.

गड घेतल्यावर बादशहाचं काय झालं हे सांगितल्याशिवाय मात्र धडा संपवू नका. पुस्तकात हा भाग एका ओळीत जातो. साताऱ्यानंतर लगेच त्याने परळी, म्हणजे सज्जनगड धरला, जूनमध्ये तोही घेतला. आणि पाऊस सुरू झाला. परळीहून खटावातल्या भूषणगडापर्यंत जायला त्या फौजेला महिन्याहून जास्त लागला. आज गाडीने दोन तासांची वाट. चिखल, फुगलेल्या नद्या, मेलेली जनावरं. औरंगजेब फौजेसह दक्षिणेत येऊन एकोणीस वर्षं होत आली होती. पाऊस त्यांना माहीत नव्हता असं नाही. पण हट्टी माणसाला पंचांग दिसत नाही.

तिथून पुढे ते माण नदीच्या काठी, सांगोल्याकडच्या खवासपूरला उतरले. माण नदी! माझी पोरं हे ऐकून बाकावरून उठायची. वर्षातले दहा महिने वाळूच वाळू, त्यात ही पोरं क्रिकेट खेळणारी. १७०० च्या ऑक्टोबराच्या सुरुवातीला एका रात्री तिला पूर आला आणि सगळी छावणी पाण्यात गेली. धावपळीत बादशहाचा गुडघा दुखावला, आणि मरेपर्यंत तो थोडा लंगडतच चालला. छावणीतल्या चाऱ्याचं विचारणारं ते पोर यावर म्हणालं होतं, “सर, आमची नदी बी लढली की.” परीक्षेत तसं लिहू नकोस, म्हणालो. लिहिलं असतं तर मार्क दिले असते.

राहिली परीक्षा. सन पाठ करावेच लागतात, त्यातून सुटका नाही. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधा, कपडे वाळत घालायचे सत्तावीस चिमटे लावा, १६८१ ते १७०७. पहिल्या चिमट्याला औरंगजेब दक्षिणेत येतो, शेवटच्याला अहमदनगरजवळ मरतो. मधे जी लढाई शिकवाल तिचा कागद त्या चिमट्याला. गेलेला किल्ला लाल कागदावर, परत आलेला हिरव्यावर. १७०० ते १७०४ एवढा लाल रंग होईल की मुलं घाबरतील: सातारा, सज्जनगड, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. मग त्याच सुतळीवर हिरवे कागद यायला लागतात. शेवटी सुतळीला एक जादा चिमटा लावा, जानेवारी १७०८: शाहू महाराजांचा साताऱ्याला राज्याभिषेक. आठ वर्षांपूर्वी खाली केलेल्या त्याच सातारला.

ताराबाईंचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात राहिलंय. त्या १७६१ पर्यंत जगल्या, साताऱ्यातच वारल्या, समाधी संगम माहुलीला आहे. सहलीच्या बसला वाट वाकडी करावी लागत नाही. समाधीची अवस्था बघून मुलं जे प्रश्न विचारतील त्यांची उत्तरं माझ्याकडे नाहीत, तुमच्याकडेही नसतील.

एक बारीकसं राहिलं. वेगवेगळ्या पुस्तकांत एकाच घटनेच्या तारखा दहा-अकरा दिवस मागेपुढे दिसतील. औरंगजेबाचा मृत्यू कुठे २० फेब्रुवारी १७०७, कुठे ३ मार्च. छपाईची चूक नाही. जुन्या इंग्रजी कालगणनेत आणि आत्ताच्या कालगणनेत तेवढा फरक आहे, आणि लिहिणारा कुठली वापरतो त्यावर तारीख ठरते. वर मी साताऱ्याच्या ज्या तारखा दिल्या त्या जुन्या गणनेच्या. एखादा हुशार मुलगा किंवा हुशार पालक यावरून तुम्हाला पकडेल, म्हणून सांगून ठेवलं. पेपरात मात्र पाठ्यपुस्तकातलीच लिहायला सांगा.